नाल्याकडून आलेला एकच आवाज

अंबादास रामटेकेच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला भीमाबाई दारातच सूचना देते. उजव्या कानाशी बोलायचं असेल तर तोंड जवळ न्या, डाव्या कानाशी बोलायचं असेल तर भिंतीशी बोला, ती तरी उत्तर देईल. नाटकाआधी कोणी पडद्यापुढे येऊन चार गोष्टी सांगून जावं तसं ती हे सांगते आणि आत जाऊन चहा टाकते. अंबादास खुर्चीत बसून हसतो. आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते त्याला ऐकू येत नाही, पण पाहुण्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

महाराजपुरातलं हे दोन खोल्यांचं घर त्याने रिटायर झाल्यावर बांधलं. त्याआधीची एकोणचाळीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली, आणि त्यातली एकतीस प्रूफ रेंजवर. गोळ्यांचा नवा माल तयार झाला की त्यातले मूठभर राउंड उचलून रेंजवर झाडून बघतात. गोळी किती वेगाने गेली, नेम कुठे बसला, दारू नीट जळली का. मशीन आकडा देतं, माणूस रजिस्टरमध्ये लिहितो आणि शेवटी शेरा मारतो: पास किंवा नापास. अंबादासची जागा रेंजच्या पार दुसऱ्या टोकाला, निशाणाच्या बाजूच्या खंदकात. गोळी त्याच्या डोक्यावरून जायची.

आता तिथे बसणाऱ्याला काय ऐकू येतं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकायची नाही. रायफलची गोळी आवाजापेक्षा जास्त वेगाने पळते. त्यामुळे ती जाताना हवा फाडत जाते आणि त्याचा एक कोरडा आवाज येतो, चाबूक ओढल्यासारखा. चट्. बंदुकीच्या तोंडचा स्फोट मागून सावकाश येतो. धाड. म्हणजे एका गोळीत दोन पात्रं. पहिलं घाईने येऊन निघून जातं, दुसरं मागून दमदार पावलं टाकत येतं. दोघांच्या मधे जो क्षण रिकामा राहतो, त्यावरून अंबादास गोळीचा वेग सांगायचा. आवाज अडवायला कानावर बांधलेला पट्टा एका बाजूने जरासा उचलायचा आणि ऐकायचा. तसं करायला सक्त मनाई होती. पण फोनवरून इंजिनियर साहेब विचारायचे, "रामटेके, कितना?" आणि अंबादास आकडा सांगायचा, तो मशीनच्या आकड्याजवळ दहा-पंधराच्या फरकाने बसायचा. पलीकडून "वाह" ऐकू यायचं. त्या एका वाहवेसाठी माणूस काय काय देऊन बसतो, हे ज्यांनी कधी प्रकाशात उभं राहून टाळी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अंबादासने डावा कान दिला. कोणी मागितला नव्हता.

त्याला मूलबाळ नाही. बहीण भंडाऱ्याकडे वारली तेव्हा तिचा नऊ वर्षांचा जगदीश इथे आला आणि कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढला. सुट्टीच्या दिवशी मामा-भाचे गच्चीवर बसायचे. लांबून रेंजचा आवाज यायचा, आणि अंबादास त्याला शिकवायचा, जसा बाप पोराला पोहायला शिकवतो. "चट् अन् मग धाड, म्हणजे रायफल. एकच मोठा भडका, म्हणजे गावठी भरमार बंदूक. अन् यातलं काहीच नाही, उगा बारीकसा एकच आवाज, तर ते बंदूक नाही. फांदी असेल, दार असेल, सोडून दे." जगदीशचे कान चांगले होते. दहाव्या वर्षी तो डोळे मिटून सांगायचा.

पुढे जगदीश जंगलात चौकीदार म्हणून लागला, कुंडमच्या पुढे, नाल्यावरच्या टेकाडावर एका झोपडीत. अकरा वर्षं रोजंदारी. यंदा त्याचं नाव नोकरी पक्की करायच्या यादीत होतं. आणि जानेवारीत तो बॅग घेऊन मामाच्या घरी आला आणि परत गेलाच नाही.

पहिले चार दिवस अंबादासने काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी विचारलं, "याची सुट्टी किती दिवसांची आहे?"

"आहे थोडी," भीमाबाई म्हणाली.

बाराव्या दिवशी जगदीश अंगणात बादली घेऊन तीच तीच सायकल तिसऱ्यांदा धुवायला बसला, तेव्हा अंबादास उठून त्याच्यासमोर जाऊन बसला. उजवा कान पुढे केला.

"सांग."

जगदीशने मामीकडे पाहिलं. मामीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सांगून टाक. किती दिवस धुशील ती सायकल, रंग निघून राहिला तिचा."

तेव्हा जगदीशने सांगितलं. दहा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला तो झोपडीत चहाचं पाणी ठेवत होता. खालून, नाल्याकडून एक आवाज आला. तो बाहेर येऊन उभा राहिला, कान दिला, पुन्हा काही आलं नाही. आत जाऊन त्याने रजिस्टर काढलं आणि लिहिलं: शाम ४ बजकर १० मिनट, नाले की तरफ एक आवाज. गोली नहीं है. तिसऱ्या दिवशी गस्तीवाल्यांना नाल्यात सांबर सापडलं. मोठा नर. शिंगं कापून नेलेली, मागचे पाय नेलेले, आणि बरगडीत गोळी. झोपडीपासून सरळ उतरलं तर दोनशे पावलं नव्हती.

"रेंजर साहेबांनी रजिस्टर उघडलं, मामा. म्हणाले, बाकी सब चौकीदार लिखते हैं आवाज आई, गए, देखा. तू लिखता है गोली नहीं है. तुझे किसने बताया कि गोली नहीं है?"

"तू काय म्हणाला?"

"म्हटलं, मेरे मामा ने."

"मग?"

"सगळे हसले." जगदीशने बादलीतलं पाणी उगाच ढवळलं. "मग म्हणाले, कितने में बिका. यादीतून नाव तर जाईलच. केसमधे पण टाकून राहिले मला."

अंबादासने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला, "कसा होता आवाज?"

"ओल्या पोत्यावर काठी हाणली तसा. टप्प."

"अन् त्याच्या आधी?"

"आधी नाही. जरा मागून, बारीकसं. कडी सरकवल्यासारखं. खट्. तुम्हीच सांगा, चट् नाही, धाड नाही. मी काय लिहू?"

"तू बरोबर लिहिलं," अंबादास म्हणाला. आणि उठून आत गेला.

आत गेला तो खाटेवर बसला आणि दोन दिवस तिथेच बसून राहिला म्हटलं तरी चालेल. जेवायला उठायचा, दोन घास खायचा, पुन्हा तिथेच. चट् नाही, धाड नाही, नुसता टप्प, हे ऐकलं तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. हा आवाज त्याने स्वतः ऐकला होता.

रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी, एका सकाळी, रेंजवर वेगळा माल आला. छोट्या पेटीत. सोबत एक बंदूक, तिच्या तोंडाला मनगटाएवढी जाड नळी बसवलेली. अंबादासला कोणी काही सांगितलं नाही, सांगायची पद्धतच नव्हती. तो खंदकात जाऊन बसला, पट्टा उचलला आणि वाट बघू लागला. चट् आलं नाही. धाड आलं नाही. निशाणाच्या कागदाला टप्प झालं तसं काहीतरी वाटलं, त्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. शेवटी कंटाळून फोन उचलला. "साहब, मारिए ना."

"मार दिया, रामटेके. पाँच मार दिए."

पलीकडे सगळे पोट धरून हसत होते. विंगेत उभं राहून आपल्या वाक्याची वाट बघावी आणि समोर तो प्रवेश केव्हाच संपून दिवे गेलेले असावेत, तसं त्याचं झालं. कागदाला पाच भोकं होती. त्या दिवसापासून त्याला कोणी "कितना" विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नंतरच्या दोन वर्षांत त्याला त्याचं सगळं गणित समजलं. आणि त्या दोन वर्षांनंतर, जगदीशला जंगलातली नोकरी लागली त्या दिवशी, जगदीशने पायाला हात लावून विचारलं होतं, "मामा, तिथे काय ऐकायचं?" अंबादासने तोंड उघडलं होतं. पण कारखान्यात शिरताना पहिल्या दिवशी त्याने एका कागदावर सही केली होती, आणि क्वार्टर्समध्ये एक रीत होती, तिला सगळे एकाच वाक्यात ओळखायचे: गेटच्या आतलं गेटच्या आत. कोणाचा माल नापास झाला, कोणतं नवं काम आलं, हे नवरा बायकोला सांगायचा नाही, शेजारी शेजाऱ्याला विचारायचा नाही. बोटं भाजून घरी आलेला माणूस सांगायचा, चहा सांडला. अंबादासने गच्चीवरचे जुने दोनच आवाज पुन्हा सांगितले. ते तर अख्खं शहर ऐकायचं, त्यात गुपित कसलं. बाकीचं त्याने गिळलं.

तिसऱ्या दिवशी भीमाबाईने ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि उजव्या बाजूला बसली.

"जेवण काहून सोडून राहिले?"

"भूक नाही."

"पोटाला भूक नाही की तोंड उघडायची भीती आहे?"

पंचेचाळीस वर्षांचा संसार. तिला कळत नाही असं काही नाही, हे त्याला या वयात पुन्हा नव्याने कळलं. त्याने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, म्हणजे त्याला हळू वाटत होता. बहिऱ्या माणसाचं हळू शेजारपर्यंत जातं. भीमाबाईने उठून खिडकी लावली.

सगळं ऐकून ती म्हणाली, "हेच? बंदुकीच्या तोंडाला नळी लावतात अन् आवाज बंद होतो, हे?"

"नुसती नळी लावून होत नाही. गोळी पण..."

"अहो, आपल्या गल्लीतली पोरं मोबाइलवर हेच खेळून राहिली दिवसभर. समोरच्या मिश्राचा नातू मला दाखवत होता परवा. दादी, ये लगाओ तो किसी को पता नहीं चलता." तिने भाताचा घास कालवून त्याच्या हातात दिला. "साऱ्या दुनियेला माहीत आहे. एका आपल्या जगदीशला माहीत नाही."

अंबादास तो घास हातात धरून बसला. इतरांना चार गोष्टी उडत उडत कळल्या होत्या. जगदीशने दुसऱ्या कोणाला विचारायचं कारणच नव्हतं. त्याला घरात जाणकार मामा होता.

"उद्या जातो," तो म्हणाला.

"मी पण येते?"

"काहून? मला ऐकू येत नाही, तुला गप्प बसता येत नाही. साहेब दोघांनाही हाकलून देईल."

"जा मग," ती म्हणाली. "स्वेटर घाला आतून."

सकाळच्या बसने दोघे निघाले. थंडी होती. जगदीशला मामाने काय ठरवलं आहे ते ठाऊक नव्हतं. मामा येतो म्हणाला, त्याने बॅग उचलली, एवढंच. रस्ताभर अंबादास हातातल्या पिशवीकडे बघत बसला होता. पिशवीत काही नव्हतं, जुनी ओळखपत्रं आणि पेन्शनचं पुस्तक, कोणी विचारलं तर.

रेंजर शैलेंद्र नावाचा पस्तिशीचा माणूस होता, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायली आणि अर्धा खाल्लेला समोसा. वाईट माणूस नव्हता. वरून फोन येत होते आणि खाली माणसं पुरत नव्हती. त्याने जगदीशकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

"अच्छा, यही हैं मामा?"

जगदीशने मान खाली घातली.

"बैठिए बाबूजी. क्या सिखाया था आपने?"

अंबादासला "बैठिए" तेवढं कळलं, पण तो उभाच राहिला. उभं राहून सांगायची गोष्ट होती. हिंदीतच बोलला, सावकाश, मोठ्याने, आणि बाहेरच्या व्हरांड्यातले दोन गार्ड आपणहून दारात आले.

त्याने आधी घरातल्या कुकरपासून सुरुवात केली. कुकरची वाफ शिटीतून फुस्स करत सोडली तर घरातलं बाळ झोपेतून उठत नाही. तीच वाफ कोंडलेली असताना झाकण उडालं तर गल्ली जागी होते. वाफ तेवढीच. बंदुकीच्या तोंडाशी रोज झाकण उडतं. तिथे जाड नळी बसवली की आतला गरम वायू त्या नळीतल्या कप्प्याकप्प्यांत पसरतो, थंडावतो, दमून बाहेर येतो. धाड गेला.

"तो साइलेंसर," रेंजर म्हणाला. "वो तो हम भी जानते हैं. पर लोग कहते हैं उससे भी आवाज़ आती है."

"येते," अंबादास म्हणाला. जगदीश प्रत्येक प्रश्न त्याच्या उजव्या कानाशी पुन्हा सांगत होता. नळी फक्त बंदुकीच्या तोंडाशी काम करते. गोळी नळी सोडून गेली की तिच्यावर नळीची सत्ता नाही. ती हवा फाडत जाणार, वाटभर चट् वाजवत जाणार. म्हणून नळीच्या जोडीला गोळीसुद्धा संथ लागते, आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाची. मग ती हवा फाडत नाही, हवेतून सरकते. चट् पण गेला. नुसती नळी लावली तर अर्धं काम, नुसती संथ गोळी वापरली तर अर्धं काम. दोन्ही एकत्र आले की मागे राहतं काय? बंदुकीचा खटका सरकल्याचा खट्, आणि गोळी जिथे बसली तिथला टप्प. आणि ते सिनेमात दाखवतात तसं चिमणीसारखं काही नसतं, ते लोक आवाज नंतर भरतात.

दारातल्या एका गार्डला हसू आलं. रेंजरला नाही.

"और थंडीत," अंबादास पुढे म्हणाला, थकून, कारण हे कोणाला उपयोगाचं नव्हतं, पण त्याला राहवलं नाही, "थंडीत आवाजाचा वेग पण कमी होतो साहब. डिसेंबरच्या सकाळी आमच्याकडे काही राउंड चट् वाजले होते, जे दुपारी वाजत नव्हते. वो लॉट अलग रखा था." मग त्याला एकदम जाणवलं की आपण गेटच्या आतलं बोललो. बाहेरच्या माणसांपुढे पहिल्यांदा. तो क्षणभर थांबला. काही झालं नाही. व्हरांड्यात कोणीतरी शिंकलं असावं, कारण सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"ये सब ठीक है," रेंजर म्हणाला. "पर ये आपका भांजा है. आप तो कुछ भी कहेंगे."

हे मात्र खरं होतं. अंबादासने मान हलवली आणि विचारलं, जनावरातून निघालेली गोळी बघायला मिळेल का. गोळी सीलबंद होऊन तपासणीला गेली होती, पण रेंजरच्या फोनवर फोटो होता, पट्टीशेजारी ठेवून काढलेला. अंबादासने फोन डोळ्यांजवळ नेला. लांबुडकी गोळी होती, जवळजवळ शाबूत.

"ही लांब आहे. म्हणजे जड. संथ गोळीला जड करावं लागतं, नाहीतर तिच्यात जोर राहत नाही. अन् फुटली नाही बघा. वेगवान असती तर बरगडीवर हिची फुलं झाली असती, नाही तर आरपार गेली असती." मग तो थांबला, आणि एकदम म्हणाला, "साहब, आपने ढूँढा कहाँ?"

"सामने की पहाड़ी पे. वहीं से नाला दिखता है. ढाई-तीन सौ मीटर."

"तिथून नाही मारता येत. ही गोळी लवकर खाली पडते. मारणारा जवळ बसला असणार. चाळीस पावलं, फार तर साठ."

रेंजरने समोशाचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला आणि जीपची किल्ली उचलली.

जीप जिथपर्यंत गेली तिथपर्यंत गेली, पुढे चालत. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी नाल्याची उतरण उतरायची म्हणजे काय, ते अंबादासला प्रत्येक दगडावर कळत होतं. जगदीशने हात धरला होता. सकाळपासून तो जे ऐकत होता ते त्याला हळूहळू समजत चाललं होतं, आणि त्याची पकड कधी घट्ट होत होती, कधी सैल.

सांबर पडलं होतं ती जागा अजून काळसर होती. अंबादास एका खडकावर बसला. त्याच्याने आता उठवणार नव्हतं. त्याने नुसता हात उचलून दाखवलं: पाणी इथे, जनावर पाण्यावर येणार, वारा कुठून असतो या वेळी? जगदीशने सांगितलं, पूर्वेकडून. मग उलट बाजूला बघा, जिथून माणसाचा वास जनावराकडे जाणार नाही, झाडोरा असेल तिथे, माणूस गुडघ्यावर बसेल एवढा.

गार्ड पावलं मोजत गेले. पंचेचाळीस पावलांवर घाणेरीचं दाट झुडूप होतं. त्याच्या मागे गवत दबलेलं होतं, एका गुडघ्याची खूण मातीत सुकून कडक झाली होती, दोन फांद्या समोरून मोडलेल्या. आणि पाचोळ्याखाली काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी. रेंजरने ती काडीने उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घेतली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. अंबादासने हात मागे बांधले. लावायचा नाही हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "कहाँ बनी है, ये मैं नहीं कहूँगा. आपका लॅब कहेगा. पर ये गावच्या शिकाऱ्याचं खेळणं नाही, कोणीतरी पैसेवाला आहे."

रेंजर तिथून वर बघत राहिला. टेकाडावरची झोपडी झाडांमधून स्पष्ट दिसत होती.

"दिन के चार बजे," तो म्हणाला, स्वतःशीच म्हणाला तरी चालेल. "इतने पास से. और ये ऊपर बैठा है." मग जगदीशकडे वळला. "तूने सुना. बाहर भी आया. टाइम के साथ लिखा भी. जो बिका होता वो लिखता ही क्यों?"

जगदीशने मान वर केली.

"बस वो 'गोली नहीं है' नहीं लिखता."

"तो शेरा माझा आहे," अंबादास म्हणाला.

ऑफिसात परत येऊन रेंजरने कागद पुढे केला. बयान लिहून द्या, बाबूजी, तुमच्या भाषेत लिहिलं तरी चालेल, मी करून घेतो. अंबादासने हिंदीतच लिहिलं. रजिस्टर लिहिण्याची सवय असलेला हात, अक्षर सुवाच्य. नाव, वय, नोकरीची वर्षं. मग: जगदीशला लहानपणापासून बंदुकीचे आवाज मी शिकवले. त्याने मी शिकवलं तसंच ऐकलं आणि तसंच लिहिलं. मी शिकवलेलं अपुरं होतं. बिनआवाजाच्या गोळीबद्दल मला तेरा वर्षांपासून माहीत होतं, तो या कामावर लागला तेव्हाही माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या वाक्यावर त्याचं पेन थोडं थांबलं. जगदीश त्याच्या खांद्यामागे उभा राहून वाचत होता. अंबादासला त्याचा श्वास मानेवर जाणवत होता.

"कोर्ट में बुलाया तो खड़े रहेंगे?" रेंजरने सही बघत विचारलं.

"उभा राहीन. बसायला खुर्ची दिली तर जास्त वेळ राहीन."

या वेळी रेंजरही हसला. तो म्हणाला, केसमधून जगदीशचं नाव निघेल, अज्ञात इसमावर राहील. सोमवारपासून कामावर ये. पण आता तिथे एकटा बसायचं नाही, मी दुसरा माणूस देतो, कुठून तरी देतो. यादीचं मी आज काही सांगू शकत नाही, पण माझ्याकडून रेघ मारली जाणार नाही. एवढंच होतं. ढोल वाजण्यासारखं काही नव्हतं, पण सकाळी ते घरातून निघाले तेव्हा यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं.

चार वाजता दोघे रस्त्यावर बसची वाट बघत उभे राहिले. टपरीवाल्याने चहा दिला. जगदीशने आपला ग्लास तसाच फळीवर ठेवला, मामाच्या उजव्या बाजूला आला आणि कानाशी तोंड नेऊन बोलला. ओरडला नाही, पण एक एक शब्द सुटा केला.

"तेरा वर्षं माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी तिथे अकरा वर्षं एकटा बसून राहिलो होतो."

"हो."

"तो माणूस खाली बंदूक घेऊन बसला होता, मामा. अन् मी वर साखर शोधून राहिलो होतो."

यावर अंबादासला एक उत्तर सुचलं होतं, नाल्यातच सुचलं होतं. तुला कळलं असतं की ही गोळी आहे, तर तू एकटा, काठी घेऊन खाली उतरला असतास, आणि दुसरी गोळीही कोणी ऐकली नसती. उत्तर चांगलं होतं. पण ते फार सोयीचं होतं, आणि या सबंध प्रकरणात सोयीचं असं त्याने पुरेसं केलं होतं. म्हणून तो म्हणाला, "चुकलं माझं. तोंड उघडायला पाहिजे होतं."

जगदीशने रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं पण होतं. निघताना. पाया पडून."

"विचारलं होतं. आठवतं मला."

"चलो," जगदीश म्हणाला. बस आली होती.

बस भरलेली होती. एक बाई पोराला मांडीवर घेऊन सरकली तेव्हा दोघांना मिळून एक बाक मिळाला. जगदीशने मामाला खिडकीशी बसवलं, पिशवी स्वतःच्या पायांत घेतली. वळणावर अंबादास त्याच्या अंगावर रेलला तेव्हा तो दूर सरला नाही. मग विचारलं, अजून कडक आवाजात, "ते खट् आधी येतं का टप्प आधी?"

"खट् दोन असतात," अंबादास म्हणाला. "चाप ओढतानाचा आधी, तो बंदुकीजवळ असलेल्यालाच ऐकू येतो. दुसरा टप्पच्या मागून, रिकामी पुंगळी काढायला कडी ओढतात तेव्हाचा. तुला टप्प आधी आला?"

"हो."

"मग त्याने कडी ओढली ते तू ऐकलं, तेवढ्या वरून. तुझे कान अजून चांगले आहेत." थोडं थांबून त्याने जोडलं, "अन् लंगूर ओरडले असतील. सगळे एकदम. गोळी लपवता येते, पण वानरांना कोण गप्प करणार."

"ओरडले होते," जगदीश म्हणाला. "मला वाटलं बिबट्या आहे."

"सोमवारपासून ते पण लिहीत जा. ऐकलं ते लिही. शेरा मारू नको, तो साहेबाला मारू दे."

जगदीशने मान हलवली. पुढे काही विचारणार होता, तोंड उघडलंही, पण बारा-पंधरा रात्रींची झोप त्याच्या डोळ्यांत होती आणि ती आता आली. वाक्य अर्ध्यावर टाकून त्याचं डोकं मामाच्या उजव्या खांद्यावर पडलं. लहानपणी भंडाऱ्याहून आणला तेव्हाही तो असाच झोपत आला होता, पण तेव्हा त्याचं डोकं एवढं जड नव्हतं. अंबादासचा खांदा थोड्या वेळाने दुखू लागला. त्याने तो हलवला नाही.

शहर लागलं. कंडक्टर दारात उभा राहून थांब्यांची नावं घेत होता, ती अंबादासला ऐकू येत नव्हती, पण दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. महाराजपूरला जायला उतरायचं तो नाका आला. दोन माणसं उतरली, एक चढलं. अंबादासने जगदीशच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कंडक्टरला बोटाने खूण केली की पुढे, शेवटपर्यंत. कंडक्टर काहीतरी म्हणाला, बहुधा जास्तीच्या तिकिटाबद्दल. अंबादासने खिशातून वीस रुपये काढले आणि, जगदीशला धक्का लागणार नाही अशा बेताने, हात लांब करून दिले.